शंभर मिलिग्रॅमची करामत

एप्रिल १९२९. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं रॉचेस्टर हे गाव आणि तिथलं मेयो क्लिनिक. डॉ. फिलिप हेंच यांच्यासमोर पासष्टीचा एक रुग्ण बसला होता. तोही पेशाने डॉक्टरच. कित्येक वर्षांच्या आमवाताने गांजलेला. बोलता बोलता त्याने सांगितलं, मध्यंतरी मला कावीळ झाली आणि कावीळ दिसू लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सांधे दुखायचे थांबले. कावीळ चार आठवड्यांत उतरली. सांध्यांचा आराम मात्र सात महिने टिकला.

दुसऱ्या कुणी हे हसण्यावारी नेलं असतं. त्या काळी आमवात हा शरीरात कुठेतरी दडलेल्या जंतूंचा प्रताप आहे, असं बहुतेक डॉक्टर मानत. त्यामुळे रुग्णांचे दात उपटले जात, टॉन्सिल कापले जात. म्हातारपणी गुडघे झिजतात तो आजार वेगळा. आमवात म्हणजे शरीराची संरक्षक फौज आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते तो आजार. तो पंचविशीतल्या बाईलाही गाठतो आणि पाच-दहा वर्षांत तिची बोटं वाकडी करून ठेवतो. फौजेचा हा उलटा वार कळायला अजून अवकाश होता. दिसत होतं ते एवढंच, की हा आजार एकदा जडला की माणूस हळूहळू जखडत जातो, मागे फिरत नाही.

हेंच यांना त्या काविळीत उलटा पुरावा दिसला. जो आजार काविळीने आवरतो, तो मुळात आवरता येण्याजोगा असलाच पाहिजे. त्यांनी अशी आणखी उदाहरणं जमवायला सुरुवात केली. मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. आमवात असलेल्या बायकांना दिवस गेले की त्यांचे सांधे बरेच मोकळे होतात आणि बाळंतपणानंतर दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. कावीळ पुरुषालाही होते, म्हणजे हा नुसत्या बायकी हार्मोनचा खेळ नव्हे. गरोदरपणात कावीळ नसते, म्हणजे तो पित्ताचाही नव्हे. दोन्हींत समान असं काहीतरी शरीरात वाढत असणार. त्या अज्ञात पदार्थाला हेंच यांनी ‘सब्स्टन्स एक्स’ म्हटलं आणि पुढची कित्येक वर्षं ते त्याच्या मागे लागले. रुग्णांना पित्त देऊन झालं, कावीळ झालेल्यांचं रक्त चढवून झालं, मुद्दाम कावीळ आणायचे प्रयोगही झाले. हाती काही लागलं नाही.

त्याच मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल नावाचे रसायनशास्त्रज्ञ मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा अर्क काढत होते. माणूस जिद्दी. १९१४ साली ऐन नाताळच्या दिवशी त्यांनी थायरॉइडचा हार्मोन स्फटिकरूपात वेगळा काढला होता. आता कत्तलखान्यांतून गाईबैलांच्या ग्रंथी टनावारी आणायच्या, त्यांतलं ॲड्रेनालिन एका औषध कंपनीला द्यायचं आणि उरलेल्या चोथ्यातून आपल्याला हवे ते पदार्थ वेचायचे, असा त्यांचा व्यवहार चाले. निघालेल्या पदार्थांना त्यांनी ए, बी, ई, एफ अशी अक्षरं दिली. स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन स्वतंत्रपणे याच पदार्थांपाशी पोचले होते. सब्स्टन्स एक्स यांपैकीच एखादं असेल का, यावर १९४१ च्या जानेवारीत हेंच आणि केंडॉल यांचं बोलणं झालं. कंपाउंड ई आमवातावर देऊन पाहायचं, अशी नोंद हेंच यांनी वहीत केली. द्यायला मात्र चिमूटभरही कंपाउंड ई शिल्लक नव्हतं.

मग युद्ध आडवं आलं आणि त्यानेच रस्ता काढून दिला. जर्मन वैमानिक अधिवृक्क ग्रंथींचा अर्क घेऊन चाळीस हजार फुटांवर उडतात, अशी आवई उठली होती. ती खोटी होती. पण अमेरिकी सरकारने ती मनावर घेतली आणि या हार्मोनांच्या संशोधनाला अग्रक्रम दिला. मर्क कंपनीच्या लुईस सॅरेट या तरुण शास्त्रज्ञाने १९४४ च्या डिसेंबरात बैलाच्या पित्तातल्या आम्लापासून कंपाउंड ई बनवलं. तीसहून अधिक पायऱ्यांची ती रासायनिक कसरत होती आणि शेवटी हाती आले ते काही मिलिग्रॅम. युद्ध संपलं, वैमानिकांची आवई विरली, तरी मर्कने काम सोडलं नाही. १९४८ उजाडेपर्यंत काही ग्रॅम जमले होते. ते कशासाठी वापरायचे, हे मात्र कंपनीलाही नीट ठाऊक नव्हतं.

त्याच वर्षी जुलैत रॉचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात २९ वर्षांची एक बाई दाखल झाली. चार-साडेचार वर्षांचा आमवात, अंथरुणात कूस बदलणंही मुश्कील. हेंच यांनी औषधाने कावीळ आणायचा आपला जुना प्रयोग तिच्यावर केला. कावीळ झाली नाही आणि सांधेही सुटले नाहीत. बाई अडून बसली. काहीतरी उपाय केल्याशिवाय मी घरी जायची नाही, म्हणाली. हेंच यांनी मर्ककडे कंपाउंड ई मागितलं आणि २१ सप्टेंबर १९४८ रोजी तिला पहिलं इंजेक्शन दिलं. मात्रा होती दिवसाला शंभर मिलिग्रॅम.

पुढच्या आठवड्याची नोंद त्यांच्या शोधनिबंधात तारीखवार आहे. पहिल्या दोन दिवसांत विशेष काही नाही. २३ तारखेला सकाळी जाग आल्यावर बाईने सहज कूस बदलली आणि अंग कमी ठणकतंय, हे तिच्या ध्यानात आलं. २४ तारखेला सकाळचा तो लाकडासारखा ताठरपणा पार गेला होता. तीन दिवसांपूर्वी जेमतेम पाय टाकणारी बाई आता किंचित लंगडत चालत होती. २८ तारखेला ती गावात गेली आणि तीन तास खरेदी करून आली.

या हकिकतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती ती शंभर मिलिग्रॅमची मात्रा. तोवरच्या हार्मोनांच्या हिशेबाने ती मोठीच होती. हात आखडून वीस-पंचवीस मिलिग्रॅम दिले असते, तर असा डोळ्यांत भरणारा पालट बहुधा दिसला नसता. मग कंपनीने उरलेले ग्रॅम दुसऱ्या कुणाला दिले असते आणि हेंच यांची वीस वर्षांची मेहनत एका तळटीपेपुरती उरली असती. जी मात्रा दिली म्हणून यश आलं, तीच मात्रा पुढे रोज, महिनोन्‌महिने देत राहिल्याने अनर्थ झाला. कंपाउंड ई या स्टिरॉइडचं यश आणि त्याची बदनामी दोन्ही या एका आकड्यातून निघाली.

१९४९ च्या एप्रिलमध्ये मेयोतल्या डॉक्टरांपुढे १४ रुग्णांचे निष्कर्ष मांडले गेले, सोबत एक फिल्मही होती. आधी खुर्चीतून उठताना विव्हळणारा रुग्ण, मग तोच पायऱ्या चढताना. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बातमी आली आणि मेयोकडे पत्रांचा, तारांचा पाऊस सुरू झाला. औषधाला कॉर्टिसोन हे नाव मिळालं. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. पहिलं इंजेक्शन ते स्टॉकहोम, जेमतेम सव्वादोन वर्षं. नोबेल समितीने इतकी घाई क्वचितच केली असेल.

हेंच स्वतः मात्र बजावत राहिले, की हा इलाज नव्हे. आग विझत नाही, औषध रुग्णाला अग्निरोधक अंगरखा तेवढा चढवतं, अशा अर्थाचं ते सांगत. ऐकायला कुणाला वेळ होता?

त्या दिवसांचं चित्र हवं असेल तर राउल द्यूफी या फ्रेंच चित्रकाराची कथा पाहावी. आमवाताने त्याच्या हाताची बोटं इतकी आखडली होती, की रंगाची ट्यूब पिळणंही जमत नव्हतं. १९५० साली बोस्टनच्या डॉक्टरांनी त्याला बोलावून घेतलं आणि नव्या हार्मोनांचे उपचार सुरू केले. थोड्याच दिवसांत द्यूफी चालायला लागला, आपल्या हाताने ट्यूबा पिळायला लागला आणि फुलांचं एक चित्र काढून त्याला त्याने नाव दिलं ‘ला कॉर्टिसोन’. औषधाचे चटकेही त्याला बसले, ते त्याच्या डॉक्टरांनी पुढे प्रामाणिकपणे लिहून ठेवले. १९५३ च्या मार्चमध्ये तो गेला. मधली तीन वर्षं त्याने भरभरून रंगवलं. त्याला हा सौदा महागात पडला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बाकीच्यांचं काय झालं? चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा वाटोळा झाला, मानेवर चरबीचा गोळा चढला, बायकांना दाढीमिशांची लव आली. साखर चढली, हाडं ठिसूळ झाली, पोटात अल्सर फुटले. काहींना झोप येईना, काहींना आपण जग जिंकल्यासारखं वाटे, काहींना भ्रम होई. आणि औषध थांबवलं की दुखणं दुप्पट जोराने उसळे. त्याहून घातक गोष्ट म्हणजे बाहेरून फुकट हार्मोन मिळतो म्हटल्यावर शरीरातल्या ग्रंथी आपलं काम सोडून देतात. गोळ्या एकदम बंद केल्या तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. स्टिरॉइड पायरीपायरीने उतरवायचं असतं, हे जगाला असं ठेचा खात कळलं. निकोलस रे यांचा ‘बिगर दॅन लाइफ’ हा चित्रपट १९५६ चा. कॉर्टिसोनने भ्रमिष्ट झालेला शाळामास्तर जेम्स मेसनने त्यात उभा केला आहे. नोबेलनंतर सहा वर्षांत औषध खलनायकाच्या भूमिकेत पोचलं होतं.

दरम्यान औषध स्वस्त झालं होतं. सुरुवातीला ग्रॅमला २०० डॉलर पडत. मेक्सिकोच्या जंगलातल्या एका रानटी कंदापासून स्टिरॉइडांचा सांगाडा मिळवायची वाट रसेल मार्करने आधीच पाडून ठेवली होती. १९५२ साली अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांनी त्या सांगाड्यावरचं सर्वांत किचकट काम ऱ्हायझोपस या बुरशीकडून करून घेतलं. शिळ्या भाकरीवर जी जमते, तिच्याच कुळातली ही बुरशी. भाव ग्रॅमला सहा डॉलरवर आला. १९५५ साली कॉर्टिसोनच्या चार-पाच पट जोरकस प्रेडनिसोन बाजारात आलं. त्याचंच भावंड प्रेडनिसोलोन आज आपल्या प्रत्येक मेडिकलच्या दुकानात असतं.

लंडनच्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९५४ साली एक निरुत्साही वाटणारा निबंध आला. नुकताच आमवात जडलेल्या ६१ रुग्णांपैकी काहींना कॉर्टिसोन, काहींना साधी ॲस्पिरिन देऊन पाहिली होती. वर्षभरानंतर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. याउलट ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी मोठ्या आतड्याला व्रण पडणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या २१० रुग्णांवर चाचणी घेतली, तिथे कॉर्टिसोनने जीव वाचवले. म्हणजे भडकलेला वणवा आटोक्यात आणायला हे औषध नामी, पण वर्षानुवर्षं धुमसणाऱ्या आजाराशी संसार करायला नाही.

तसा संसार करणारं औषध तेव्हाही हाताशी होतं, हा या इतिहासातला मला चटका लावणारा भाग. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेचं संशोधन सांभाळत होते. त्यांच्या चमूने फॉलिक आम्लाला चकवणारी औषधं बनवली आणि सिडनी फार्बर यांनी ती बोस्टनमध्ये रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांवर वापरली. सुब्बाराव १९४८ च्या ऑगस्टमध्ये वारले. पुढच्याच महिन्यात रॉचेस्टरला ते पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. १९५१ साली गुबनर आणि सहकाऱ्यांनी सुब्बारावांच्या घरातलं औषध अगदी कमी मात्रेत आमवात आणि सोरायसिसच्या रुग्णांना दिलं. गुण आला. पण त्या वर्षी सगळ्यांचे डोळे कॉर्टिसोनने दिपलेले. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं आमवाताचं औषध म्हणून अमेरिकेत अधिकृत झालं, ते १९८८ साली. मधली सदतीस वर्षं किती बोटं वाकडी झाली असतील, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

आता लंडन. हॅमरस्मिथ भागातली केनेडी इन्स्टिट्यूट आणि शेजारचं चेरिंग क्रॉस रुग्णालय. तिथे मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी या जोडीने प्रश्नच वेगळा धरला. मैनी जन्माने लुधियानाचे, वाढले युगांडात. फेल्डमन ऑस्ट्रेलियातून आलेले. सगळी फौज दाबून टाकण्यापेक्षा तिला हुकूम कोण सोडतं ते शोधावं, असा त्यांचा विचार. पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते साइटोकाइन नावाच्या प्रथिनांमार्फत, आणि आमवाती सांध्यात तर त्यांचा बाजारच भरलेला असतो. मग एकाला रोखून काय होणार, असं इतर शास्त्रज्ञ विचारत. १९८९ साली फिओन्युआला ब्रेनन यांनी रुग्णांच्या सांध्यांतल्या पेशी काचपात्रात वाढवून त्यांतला टीएनएफ हा एकच निरोप्या अडवला. त्याबरोबर दुसरा दाहक निरोप्याही थंडावला. टीएनएफ हा मुकादम निघाला.

त्याला रोखणारं प्रतिपिंड न्यूयॉर्कचे यान विल्चेक आणि सेंटोकोर कंपनी यांनी बनवलं होतं, काही भाग उंदराचा, बाकीचा माणसाचा. १९९२ साली चेरिंग क्रॉसमध्ये ते सलाइनमधून २० रुग्णांना दिलं. सगळे रुग्ण आधीच्या औषधांना न जुमानलेले. सूज उतरली, थकवा गेला, आणि हे केवळ मनाचे खेळ नसल्याचं रक्तातल्या चाचण्यांनी दाखवलं. काही महिन्यांत दुखणं परतलं. पुन्हा औषध दिलं, पुन्हा उतरलं. पुढे ७३ रुग्णांवर खऱ्या औषधाची खोट्याशी तुलना करून १९९४ साली ‘लॅन्सेट’मध्ये पक्का पुरावा आला. उंदराच्या भागाविरुद्ध रुग्णाचं शरीर उठतं, ते दाबायला सोबत काय द्यावं, तर जुनं मेथोट्रेक्सेट. सुब्बारावांचं खातं असं पुन्हा उघडलं.

१९९८ साली अमेरिकेत हे प्रतिपिंड इन्फ्लिक्सिमॅब या नावाने आतड्याच्या क्रोन्स आजारासाठी आणि टीएनएफलाच रोखणारं एटानरसेप्ट आमवातासाठी मान्य झालं. २००२ च्या अखेरीस त्याच कामाचं ॲडालिमुमॅब आलं. ह्युमिरा या नावाने ते पुढे अनेक वर्षं जगातलं सर्वाधिक खपाचं औषध राहिलं.

‘बायोलॉजिक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नव्या औषधांचाही हिशेब चुकता व्हायचा होता, पण तो लवकर झाला. २००१ साली इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षयरोग उसळल्याच्या ७० नोंदी प्रसिद्ध झाल्या. बरेचसे रुग्ण पहिल्या तीन सलाइनांतच आजारी पडलेले. क्षयाचे जंतू शरीराने पेशींच्या गाठीत कोंडून ठेवलेले असतात आणि त्या कोठडीचा पहारेकरी टीएनएफच. पहारा उठला की कैदी मोकळे. अमेरिकेला ही बाब किरकोळ वाटली असेल, आपल्याकडे पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांच्या अंगात हे जंतू निद्रिस्त असतात. म्हणून पुण्या-मुंबईत आज बायोलॉजिक सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि मँटू किंवा ‘टीबी गोल्ड’ चाचणी करतात. काही सापडलं तर आधी काही आठवडे क्षयाच्या गोळ्या, मग इंजेक्शन.

दुसरी आडकाठी पैशांची. २०१४ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या झायडस कंपनीने ॲडालिमुमॅबची जगातली पहिली जवळपास हुबेहूब आवृत्ती बाजारात आणली, तीही अमेरिकेतल्या भावाच्या साधारण पाचव्या हिश्शात. तरीही ते सर्वांच्या आवाक्यातलं नव्हतं. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून भिगवणात घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली, तेव्हा आमवात हा शहरी चोचल्यांचा आजार नाही, हे स्पष्ट झालं. आणि भिगवणसारख्या गावांत रुग्णाला आधी जे मिळतं ते बायोलॉजिक नसतंच. मिळते ती दवाखान्यातली बिननावाची पुडी नाहीतर ‘जडीबुटी’ची पावडर. दोन दिवसांत गुडघे सुटतात, वैद्याचं नाव होतं. अशा पावडरी तपासल्यावर त्यांत डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइडं वारंवार सापडली आहेत. सहा महिन्यांनी फुगलेला चेहरा आणि चढलेली साखर घेऊन तो रुग्ण शहरात येतो तेव्हा अंगात काय आणि किती गेलं, हे सांगायला त्याच्याकडे चिठ्ठीही नसते. मेयोतल्या रुग्णांना मिलिग्रॅमचा हिशेब तरी होता.

मग करोना आला आणि स्टिरॉइड व बायोलॉजिक ही दोन्ही घराणी महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचली. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं, की रोज फक्त सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. औषध काही रुपयांचं. अट एकच होती, ज्यांना ऑक्सिजन लागतोय त्यांनाच द्यायचं. पण २०२१ च्या लाटेत ते घरी बसून, ताप आला म्हणून, दुप्पट-चौपट मात्रेतही घेतलं गेलं. मे महिन्यात महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले. त्यांतल्या पुष्कळांत अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड ही जोडी दिसत होती. तिकडे टोसिलिझुमॅब या बायोलॉजिकसाठी नातेवाईक या दुकानातून त्या दुकानात धावत होते. ओसाकाच्या तादामित्सु किशिमोतो यांच्या संशोधनातून निघालेलं हे औषध २००८ पासून जपानात आमवातासाठी वापरात होतं. आमवाताच्या रुग्णांशिवाय ज्याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं, ते आता काळ्या बाजारात गेलं.

सध्या तज्ज्ञांचा रिवाज असा आहे: मेथोट्रेक्सेटचा गुण यायला दीड-दोन महिने लागतात, तोवर पूल म्हणून कमी मात्रेत प्रेडनिसोलोन, मग ते उतरवत नेऊन तीन महिन्यांच्या आत बंद. त्यावर भागलं नाही तर बायोलॉजिक. युरोपातल्या सांधेविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली हेच सांगितलं. आणि त्याच वर्षी नेदरलँड्सच्या पुढाकाराने झालेल्या ग्लोरिया चाचणीचे आकडे आले. पासष्टीवरच्या ४५१ रुग्णांना रोज पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन किंवा खोटी गोळी दोन वर्षं दिली होती. पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे ताकदीच्या हिशेबाने हेंच यांच्या मात्रेचा जेमतेम चौथा हिस्सा. गोळी घेणाऱ्यांचे सांधे अधिक शांत राहिले, झीजही कमी झाली. त्रास झालेल्यांचं प्रमाण मात्र ६० टक्के, खोट्या गोळीवाल्यांत ४९. त्रास वाढला तो बहुतांशी किरकोळ जंतुसंसर्गाचा. हे आकडे पाहून एक पक्ष म्हणतो, बघा, कमी मात्रेतही धोका आहेच. दुसरा म्हणतो, एवढ्या आरामापुढे हा धोका परवडला. ओपीडीत बसलेल्या आजींना दोन्ही पक्षांशी देणंघेणं नसतं. बाकी काय बदलायचं ते बदला, ती सकाळची छोटी पांढरी गोळी तेवढी राहू द्या, असं त्या सांगतात आणि डॉक्टर चिठ्ठीवर अर्धी गोळी कमी करून लिहितात.